मज्जारज्जूतली तुटलेली नस पुन्हा वाढते का? डॉ. काहाल यांचे आयुष्य आणि आजचे नॅनो-संशोधन

काही महिन्यांपूर्वी एक वडील आपल्या मुलाच्या एमआरआयची फाइल घेऊन माझ्या दवाखान्यात आले. मुलगा तरुण. मोटारसायकल घसरून पडला, पाठीच्या मणक्याला मार लागला आणि कमरेखालची हालचाल व संवेदना गेली. ऑपरेशन होऊन तो घरी आला होता. फाइलमध्ये रिपोर्टांच्या बरोबर एक रंगीत पत्रकही होते. नॅनो तंत्राचे इंजेक्शन, त्याने तुटलेल्या नसा परत उगवतात, असे त्यात लिहिले होते. खर्च काही लाखांचा होता. त्यासाठी शेत विकायचे की नाही, एवढेच ठरायचे बाकी होते. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, की नस परत येते का.

मी जनरल फिजिशियन आहे, मेंदूचा तज्ज्ञ नाही. पण हा प्रश्न जगात ज्यांनी पहिल्यांदा नीट तपासला, त्या माणसाचे काम मला विद्यार्थी असल्यापासून आवडते. त्यांचे नाव डॉ. सान्तियागो रामोन इ काहाल. त्या वडिलांना मी त्यांची गोष्ट पाच मिनिटांत सांगितली होती. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण पत्रकातले काय खरे आणि काय खोटे हे त्या गोष्टीतून चांगले कळते.

आधी शब्दांविषयी. आपण बोलताना रक्तवाहिनीलाही नस म्हणतो. या लेखात नस म्हणजे चेतातंतू, मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नेणारा आणि स्पर्श, वेदना मेंदूपर्यंत आणणारा धागा.

चित्रकार व्हायचे होते, डॉक्टर झाले

काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी उत्तर स्पेनमधल्या पेतिया दे आरागोन नावाच्या डोंगराळ खेड्यात झाला. वडील हुस्तो रामोन हे गरिबीतून, कष्टाने शिकून शल्यचिकित्सक झालेले. मुलानेही डॉक्टर व्हावे हे त्यांनी आधीच ठरवून टाकले होते. मुलाला मात्र चित्रे काढायचे वेड. कागद मिळेना तेव्हा तो भिंतींवर चित्रे काढायचा. वडिलांनी एकदा मुलाचे चित्र गावात चर्चच्या भिंती रंगवायला आलेल्या कारागिराला दाखवले आणि त्याचे मत विचारले. त्याने ते चित्र अगदीच टाकाऊ ठरवले. झाले, घरात चित्रकला बंद. एका रंगाऱ्याच्या मतावर मुलाचे भवितव्य ठरवणारे वडील आपल्याला परके वाटू नयेत. दहावीच्या निकालानंतर अशी घरे मी दर वर्षी पाहतो.

सान्तियागो शाळेत रमला नाही. अकरा वर्षांचा असताना त्याने घरीच एक तोफ बनवली आणि शेजाऱ्याच्या बागेचे नवे फाटक उडवले. त्यासाठी त्याला काही दिवस गावच्या कोठडीत राहावे लागले. वडिलांनी त्याला सोडवायची घाई केली नाही. पुढे अभ्यासात लक्ष लागावे म्हणून, शिक्षा म्हणूनच म्हणा, त्याला आधी न्हाव्याकडे आणि मग चांभाराकडे कामाला ठेवले. चांभारकाम त्याला चांगले जमले. बोटांची ही सफाई पुढे उपयोगी पडली.

शेवटी बाप-लेकांचे जमले ते हाडांवरून. १८६८ च्या उन्हाळ्यात वडील त्याला जुन्या कबरस्तानात घेऊन गेले. उघड्यावर पडलेली हाडे गोळा करून घरी आणली आणि शरीररचनेचे धडे सुरू केले. हाड न हाड नीट पाहून चित्र काढायचे होते, म्हणून मुलगा रमला. चित्रकलेला मागच्या दाराने परवानगी मिळाली, असे म्हणा. १८७३ मध्ये झारागोझा येथे ते डॉक्टर झाले.

लगेच सैन्यात भरती झाली आणि १८७४ मध्ये त्यांना क्यूबाला पाठवले गेले. तेव्हा तिथे स्पेनविरुद्ध बंड चालू होते. दलदलीच्या भागातल्या लष्करी दवाखान्यात रुग्णांवर उपचार करता करता डॉक्टरांनाच मलेरिया झाला. पुढच्या वर्षी ते हाडांचा सापळा होऊन घरी परतले. सैन्यातल्या पगारातून जे काही शिल्लक राहिले, त्यातून त्यांनी स्वतःचा मायक्रोस्कोप घेतला. एवढ्यावर भागले नाही. १८७८ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांच्या तोंडातून रक्त पडू लागले. क्षयरोग. क्षयावरचे पहिले परिणामकारक औषध यायला तेव्हा आणखी साठ-सत्तर वर्षे होती. डोंगरातली हवा, विश्रांती आणि बहिणीची शुश्रूषा यांवर ते वाचले. त्या काळात असे रुग्ण सगळेच वाचत नसत.

१८७९ मध्ये त्यांनी सिल्वेरिया फान्यानास यांच्याशी लग्न केले. त्यांना सात मुले झाली. संसार मोठा आणि पगार तुटपुंजा, तरी घरातल्या पैशातून रसायने आणि काचपट्ट्या विकत येत. ते सिल्वेरिया यांनी चालवून घेतले. १८८३ मध्ये वॅलेन्सिया येथे शरीररचनेच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. १८८५ मध्ये तिथे कॉलऱ्याची साथ आली. काहाल यांनी तिचा अभ्यास करून झारागोझाच्या प्रांतिक सरकारला अहवाल दिला. मोबदला म्हणून सरकारने त्यांना झाइस कंपनीचा उत्तम मायक्रोस्कोप भेट दिला. मेंदूतले पुढचे सगळे शोध लागले, त्यामागे कॉलऱ्याचा हा असा हातभार आहे.

चांदीने दाखवलेली पेशी

आता मुख्य भाग. त्या काळी मेंदूचा काप मायक्रोस्कोपखाली ठेवला तर काय दिसायचे? धाग्यांचा गुंता. लाखो धागे एकमेकांत इतके मिसळलेले, की कोणता कुठून निघतो आणि कुठे संपतो हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून बहुतेक शास्त्रज्ञ मानत, की संपूर्ण मज्जासंस्था हे एकच अखंड जाळे आहे. धागे एकमेकांत वितळून गेलेले, मध्ये कुठेही तुटक जागा नाही.

इटलीत कामिलो गोल्जी नावाच्या डॉक्टरांनी १८७३ मध्ये एक युक्ती शोधली होती. ते तेव्हा असाध्य रोग्यांच्या एका रुग्णालयात नोकरीला होते आणि तिथल्या स्वयंपाकघरात प्रयोग करत. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवायचा, मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवायचा. चांदीचा क्षार काही मोजक्याच पेशींमध्ये साठतो आणि त्या पेशी मुळापासून टोकापर्यंत काळ्याकुट्ट होतात. आजूबाजूच्या बाकी पेशी रंगतच नाहीत. दाट जंगलातले एकच झाड काळे रंगवावे आणि बाकीची झाडे अदृश्य व्हावीत, तसे. काहीच पेशी का रंगतात हे त्यांना माहीत नव्हते, पण सगळ्या रंगत नाहीत हाच या पद्धतीचा गुण होता.

पद्धत लहरी होती. कधी साधे, कधी न साधे. म्हणून चौदा वर्षे ती फारशी कोणी वापरली नाही. १८८७ मध्ये माद्रिदला डॉ. लुइस सिमार्रो यांच्या घरी काहाल यांनी अशी एक काचपट्टी पाहिली आणि ते तिथेच अडकले. त्याच वर्षी त्यांची बदली बार्सिलोनाला झाली. तिथे त्यांनी दोन बदल केले. एक म्हणजे चांदीची प्रक्रिया एकदा न करता दोनदा केली. दुसरा बदल जास्त हुशारीचा. पूर्ण वाढलेला मेंदू घेण्याऐवजी त्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाचा आणि लहान पिल्लांचा मेंदू घेतला. तिथे धागे आखूड असतात आणि त्यांच्यावर मायलिन, म्हणजे वायरीवरच्या प्लास्टिकसारखे वेष्टन, अजून चढलेले नसते. त्यामुळे चांदी आत पोचते. जंगल समजत नसेल तर रोपवाटिकेत जाऊन पाहा, असा साधा विचार.

१८८८ मध्ये त्यांनी जे पाहिले ते असे. धागा दुसऱ्या पेशीपर्यंत जातो, तिच्या अगदी जवळ पोचतो, तिला वेढतो आणि थांबतो. तो तिच्यात मिसळत नाही. म्हणजे मेंदू हे अखंड जाळे नाही, तो सुट्या पेशींचा बनलेला आहे. प्रत्येक पेशी वेगळी, आणि निरोप एका पेशीकडून दुसरीकडे, ठरलेल्या दिशेने जातो. १८९१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ वाल्डायर यांनी या पेशीला न्यूरॉन हे नाव दिले. आपण तिला चेतापेशी म्हणतो.

हे छापणार कोण? स्पेनमधले संशोधन बाहेर कोणी वाचत नसे. काहाल यांनी स्वतःच्या खर्चाने त्रैमासिक काढले. पहिल्या अंकाच्या साठ प्रती छापल्या आणि त्यांतल्या बऱ्याच परदेशातल्या शास्त्रज्ञांना टपालाने पाठवल्या. प्रतिसाद थंड. मग ऑक्टोबर १८८९ मध्ये ते साठवलेले पैसे खर्चून बर्लिनला शरीररचनातज्ज्ञांच्या परिषदेला गेले. काचपट्ट्या बरोबर नेल्या होत्या. मोडक्या फ्रेंचमध्ये लोकांना बोलावून बोलावून मायक्रोस्कोपशी आणले. तिथे अल्बर्ट फॉन क्योलिकर हे त्या क्षेत्रातले सर्वांत मोठे नाव होते. त्यांनी काचपट्ट्या पाहिल्या आणि त्यांचे मत बदलले. क्योलिकर तेव्हा सत्तरी ओलांडून गेले होते. काहाल यांचे लेख वाचता यावेत म्हणून ते त्या वयात स्पॅनिश शिकले.

१९०६ चा वैद्यकाचा नोबेल पुरस्कार गोल्जी आणि काहाल यांना मिळून देण्यात आला. पद्धत गोल्जींची, तिने केलेला शोध काहाल यांचा. प्रसंग मात्र अवघड झाला. गोल्जींनी आपल्या नोबेल व्याख्यानात काहाल यांच्या सिद्धान्तालाच विरोध केला. ते अखंड जाळ्याच्या मतावर ठाम होते. दुसऱ्या दिवशी काहाल यांनी आपले पुरावे मांडले. दोघांनी एकच चांदी वापरली होती आणि दोघांना दोन गोष्टी दिसल्या. विज्ञानात असेही होते.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण रुग्ण मला विचारतात. चांदी आणि सोने मेंदूला बळ देतात, असे म्हणत विकली जाणारी बरीच उत्पादने बाजारात आहेत. काहाल यांनी चांदी वापरली आणि १९१३ मध्ये मेंदूतल्या तारेसारख्या आधारपेशी रंगवायला सोन्याचा क्षारही वापरला. पण हे सगळे मृत ऊतींवर, पेशी दिसाव्यात म्हणून. त्यात उपचार काहीच नव्हता.

नस कापल्यावर काय होते

१८९० मध्ये काहाल यांना कोंबडीच्या गर्भाच्या मज्जारज्जूत आणखी एक गोष्ट दिसली. वाढत्या चेतातंतूच्या टोकाला एक फुगीर, बोटे फुटल्यासारखा भाग असतो. तो जणू चाचपडत, वाट काढत पुढे सरकतो. आज त्याला ग्रोथ कोन, म्हणजे वाढीचे टोक म्हणतात. त्यांनी पाहिले ते मृत ऊतींचे काप होते. त्यावरून त्यांनी जिवंत हालचाल ओळखली, हे मला आजही अचंब्याचे वाटते. या टोकाला आसपासची रसायने दिशा दाखवत असावीत, असा अंदाजही त्यांनी दोन वर्षांत मांडला. तो बरोबर निघाला.

मग त्यांनी आपल्या वडिलांच्या प्रश्नाला हात घातला. म्हणजे काहाल यांच्या नव्हे, माझ्या दवाखान्यात आलेल्या वडिलांच्या. नस तुटली तर परत येते का? नोबेलनंतरची बरीच वर्षे त्यांनी यावर घालवली. ससे, मांजराची पिल्ले, कुत्रे यांच्या नसा कापायच्या, काही तासांनी, दिवसांनी, आठवड्यांनी तपासायच्या आणि प्रत्येक टप्प्याचे चित्र काढायचे. १९१३-१४ मध्ये हे काम दोन खंडांत प्रसिद्ध झाले. त्याचा खर्च अर्जेंटिनात स्थायिक झालेल्या स्पॅनिश डॉक्टरांनी उचलला होता.

त्यांना दोन वेगळी उत्तरे मिळाली.

हातापायांतली नस कापली तर पेशीपासून तुटलेला पुढचा भाग मरतो, पण त्याची रिकामी नळी आणि तिच्यातल्या आधारपेशी उरतात. मागच्या टोकाला नवे अंकुर फुटतात, ते नळीत शिरतात आणि पुढे वाढत जातात. वेग साधारण दिवसाला एक मिलिमीटर. मनगटाची नस कापलेल्या रुग्णाला बोटांत संवेदना यायला काही महिने लागतात, याचे कारण हेच. मध्ये थोडी जागा गेली असेल तर सर्जन दुसरीकडची नस किंवा कोलॅजेनची नळी जोडतात. ती या नळीचेच काम करते.

मेंदूत आणि मज्जारज्जूत वेगळे घडते. तिथेही कापलेल्या टोकाला अंकुर फुटतात. वाढायला सुरुवात होते. मग ते थांबतात आणि सुकून जातात. काहाल यांनी निष्कर्ष लिहिला, की प्रौढ मेंदू आणि मज्जारज्जू यांमधले मार्ग पक्के झालेले असतात, तिथे नाश होऊ शकतो, पण नवनिर्मिती होत नाही. वैद्यकाच्या पुस्तकांनी हे वाक्य उचलले आणि पुढची साठ-सत्तर वर्षे डॉक्टरांनी रुग्णांना तेच सांगितले. आम्हालाही असेच शिकवले गेले.

पण त्याच पुस्तकात काहाल यांनी भविष्यातल्या विज्ञानाने हा कठोर नियम बदलावा, अशी आशाही लिहून ठेवली होती. ती मनाच्या समाधानासाठी नव्हती. तिला प्रयोगाचा आधार होता. त्यांचे शिष्य फ्रान्सिस्को तेल्यो यांनी १९११ मध्ये सशाच्या मेंदूत पायाच्या नसेचा तुकडा बसवून पाहिला. मेंदूतले धागे त्या तुकड्यात वाढत गेले! म्हणजे मेंदूतल्या पेशीत वाढायची ताकद आहे. तिला भोवतालची जमीन साथ देत नाही.

हा प्रयोग जवळपास विसरला गेला. १९८१ मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलला सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी नव्या, जास्त खात्रीच्या पद्धतीने उंदरांच्या जातीतल्या प्राण्यांवर हेच सिद्ध केले. त्यानंतर झुरिचचे मार्टिन श्वाब यांनी दाखवले, की मज्जारज्जूतल्या मायलिनमध्येच वाढ रोखणारी प्रथिने आहेत. शिवाय जखमेच्या जागी व्रण तयार होतो आणि पोकळी पडते. त्या पोकळीत वाढणाऱ्या धाग्याला धरायला काही नसते. भोपळ्याच्या वेलाला मांडव नसला तर काय होते, ते डोळ्यांपुढे आणा.

नॅनो म्हणजे इथे नेमके काय

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. काहाल ज्या फटीबद्दल भांडले, दोन चेतापेशींमधली ती फट सुमारे २० नॅनोमीटरची आहे. साध्या मायक्रोस्कोपला २०० नॅनोमीटरच्या खालचे नीट दिसत नाही. म्हणजे काहाल यांनी ती फट कधीच पाहिली नाही, धागे मिसळत नाहीत एवढ्यावरून ती ओळखली. ती प्रत्यक्ष दिसली १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर. तोवर काहाल आणि गोल्जी दोघेही गेले होते.

या मापाचे पदार्थ बनवता येऊ लागल्यावर शास्त्रज्ञांच्या मनात आलेली कल्पना तेल्यो यांच्या प्रयोगातूनच निघते. पायाची नस कापून मज्जारज्जूत बसवण्याऐवजी तिच्यासारखा मांडव बाहेर बनवता येईल का? २००५ मध्ये इटलीतल्या त्रिएस्त येथील गटाने काचेच्या बशीत कार्बनच्या नॅनो-नळ्यांवर चेतापेशी वाढवल्या. त्या तिथे नीट टिकल्या आणि त्यांची आपापसातली देवाणघेवाण वाढली. २००६ मध्ये अमेरिका आणि हाँगकाँगच्या संशोधकांनी हॅमस्टर या छोट्या प्राण्याच्या मेंदूत डोळ्याचा मार्ग कापला आणि तिथे प्रथिनांच्या तुकड्यांपासून आपोआप विणले जाणारे जाळे सोडले. धागे जखम ओलांडून गेले आणि त्या प्राण्यांना काही प्रमाणात पुन्हा दिसू लागले. २०२१ मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सॅम्युएल स्टुप यांच्या गटाने अशाच नॅनो-धाग्यांचे द्रावण मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदरांना टोचले. इजेनंतर एका दिवसाने दिलेल्या एका इंजेक्शनने ते उंदीर काही आठवड्यांत पुन्हा चालू लागले.

हे वाचून तुमच्या छातीत धडधड झाली असेल, तर माझ्याही झाली होती. पण पुन्हा वाचा. बशी, हॅमस्टर, उंदीर. उंदराचा मज्जारज्जू आपल्या करंगळीपेक्षाही बारीक असतो, धाग्याला काही मिलिमीटर गेले तरी पुरते. माणसात कित्येक सेंटिमीटर जायचे असते, आणि मग योग्य पेशीशी जोडणी व्हावी लागते. उंदरांना औषध मिळाले ते दुसऱ्या दिवशी. आपला रुग्ण अपघातानंतर आठ महिन्यांनी पत्रक घेऊन येतो, तोवर व्रण पक्का झालेला असतो. आणि पदार्थ किती सुरक्षित आहे हा वेगळाच विषय आहे. काही लांब, ताठ कार्बन नॅनो-नळ्यांनी उंदरांच्या शरीरात अ‍ॅस्बेस्टॉससारखी सूज निर्माण केल्याचे दिसले आहे. माणसाचा तुटलेला मज्जारज्जू पुन्हा वाढवण्यासाठी मान्यता मिळालेला कोणताही नॅनो-उपचार आज नाही.

नॅनो औषधेच खोटी, असा याचा अर्थ कृपया घेऊ नका. नसांच्या एका आनुवंशिक आजारात यकृतात तयार होणारे सदोष प्रथिन नसांमध्ये साठते आणि हातपाय बधिर, दुबळे होत जातात. त्यावर पॅटिसिरान हे औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. औषधाचा रेणू चरबीच्या नॅनो-कणात बंद करून शिरेतून दिला जातो. गंमत अशी, की तो नसांकडे जातच नाही. यकृतात जाऊन सदोष प्रथिन बनणे कमी करतो, आणि नसांची हानी थांबते किंवा मंदावते. म्हणून नॅनो हा शब्द दिसला की मी आधी विचारतो, कण कुठे जाणार, तिथे काय करणार, आणि हे माणसांत दाखवले आहे का.

त्या वडिलांना मी तीन गोष्टी विचारायला सांगितल्या. ही वैद्यकीय चाचणी असेल तर भारताच्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत तिचा क्रमांक काय आहे? ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. कोणत्या एथिक्स कमिटीने तिला परवानगी दिली? आणि चाचणी असेल तर प्रयोगातल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून का मागता? फोनवर तिन्ही प्रश्नांना उत्तर मिळाले नाही. शेत राहिले.

मुलाचे काय, हे तुम्ही विचाराल. त्याची इजा पूर्ण तुटलेली नव्हती, काही धागे शाबूत होते. अशा रुग्णात उरलेल्या जोडण्या वापराने बळकट होतात आणि नव्या फांद्या फुटतात. हेही मूळ काहाल यांचेच. १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत दिलेल्या व्याख्यानात त्यांनी सुचवले होते, की शिकण्याने आणि सरावाने नव्या पेशी तयार होत नाहीत, असलेल्या पेशींमधल्या जोडण्या वाढतात. पक्षाघातानंतर किंवा मज्जारज्जूच्या इजेनंतर आपण रोज जी फिजिओथेरपी करायला सांगतो, ती याच आधारावर. ती कंटाळवाणी असते आणि तिचे रंगीत पत्रक कोणी छापत नाही. त्याबरोबर दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठीवर जखमा होऊ न देणे, लघवीची नळी स्वच्छ ठेवणे आणि ताप आला तर त्याच दिवशी दाखवणे. यात हयगय झाली तर रुग्ण जंतुसंसर्गाने दगावू शकतो, मग उद्याचा कोणताही शोध त्याच्या उपयोगाचा नाही. तो मुलगा आता पट्ट्याच्या आधाराने समांतर दांड्यांमध्ये उभा राहतो. पुढे किती सुधारेल, हे मी त्याच्या वडिलांना सांगितलेले नाही, कारण ते मला ठाऊक नाही.

काहाल १९२२ मध्ये निवृत्त झाले, पण मायक्रोस्कोप सोडला नाही. माद्रिदला त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली होती. त्यांचे शिष्य पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी मेंदूतल्या आणखी एका प्रकारच्या पेशी शोधल्या. गुरुशिष्यांचे त्या काळात बिनसलेही. १९३० मध्ये सिल्वेरिया गेल्या. काहाल यांना कमी ऐकू येत होते, झोप लागत नव्हती, तरी ते लिहीत राहिले. ऐंशीव्या वर्षी जग कसे दिसते यावरचे त्यांचे पुस्तक १९३४ मध्ये आले. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला ते गेले. त्यांना माद्रिदच्या अल्मुदेना कबरस्तानात पत्नीच्या शेजारी पुरले आहे.

त्यांच्या काचपट्ट्या आणि हजारो चित्रे माद्रिदला जपून ठेवली आहेत. त्यांतल्या कित्येक पट्ट्यांवरची चांदी अजून काळी आहे. मायक्रोस्कोपखाली ठेवल्या तर पेशी आजही तशाच दिसतात.